भेरे बाईंची करंगळी

भेरे बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांनी करंगळी वर केली होती. शहापुरात एका हायस्कूलच्या हॉलमध्ये शिक्षकांची कार्यशाळा होती, माझी नोकरीतली पहिलीच. पुण्याहून आलेले एक तज्ज्ञ कॉलरला माईक लावून मुलांच्या भावविश्वावर बोलत होते. बोलत होते म्हणजे, पडद्यावर जे लिहिलं होतं तेच वाचून दाखवत होते. समोर दीडदोनशे मास्तर बसले होते, ज्यांना वाचता येतं असा सरकारचा समज आहे. शेवटच्या रांगेत खिडकीपाशी पिकल्या केसांची एक ठेंगणी बाई होती. तिने चपला काढून खुर्चीखाली सारल्या होत्या आणि उजव्या हाताची करंगळी हवेत उंच धरली होती, पहिलीतली पोरं धरतात तशी.

तज्ज्ञांना ती बऱ्याच वेळाने दिसली. "बोला मॅडम, काही प्रश्न आहे का?"

"प्रश्न नाय. बाहेर जाऊन येऊ का, ते इचारतेय."

हॉल हसला. तज्ज्ञही मोठ्या मनाने हसले. "अहो, त्यात विचारायचं काय? जायचं."

"मग पोरांनी का इचारायचं?" असं म्हणत बाईंनी चपला पायात सरकवल्या आणि त्या निघून गेल्या. तज्ज्ञांनी पुढची स्लाइड लावली. तिच्यावर 'बालस्नेही वातावरण' असं लिहिलेलं होतं आणि ते त्यांनी वाचून दाखवलं.

माझ्या शेजारी बसलेले एक जुने मास्तर म्हणाले, "दर वेळी करते ती. माणूस तपासून घेते." तपासायची रीत साधी होती. करंगळी वर करायची आणि बोलणाऱ्याचं लक्ष जाईपर्यंत खाली आणायची नाही. ज्याला शेवटच्या रांगेतली करंगळी दिसत नाही त्याच्याबद्दल बाईंचं मत तिथेच पक्कं व्हायचं. "एवढ्या बोटाकडं लक्ष नाय आन मला सांगतोय, पोरांकडं लक्ष द्या," असं त्या म्हणत, आणि आवाज मुद्दाम बारीक ठेवत नसत.

पुढच्याच आठवड्यात मला शाळा मिळाली ती नेमकी त्यांची. किन्हवलीच्या पुढे डांबरी रस्ता सोडून दीड कोस आत ठाकूरवाडी आहे. दोन खोल्या, एक हातपंप, पहिली ते चौथीची मिळून पंधरासोळा पोरं. बाई तिथे कित्येक वर्षं एकट्याच होत्या. मी आसनगावचा, त्या सापगावच्या. सकाळी शहापूरच्या स्टँडवर भेटायचं, एसटीने फाट्यापर्यंत जायचं आणि तिथून पायी. पहिल्या दिवशी चालता चालता त्यांनी मला विचारलं, "डीएडला काय शिकवला तुला?" मी उत्साहाने सांगायला लागलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं. ओढ्यात पाय जपून टाक, दगडावर शेवाळ हाय."

शेतकऱ्याच्या घरातली बाई. नोकरीत आयुष्य गेलं तरी बोली सोडली नाही. साहेबासमोरही 'नाय' ते 'नाय'च. एका केंद्रप्रमुखांनी एकदा प्रमाणभाषेचा आग्रह धरला, तेव्हा त्यांना म्हणाल्या, "साहेब, वाडीतल्या पोरांशी मी त्यांच्यासारखी बोलते, तुमच्याशी माझ्यासारखी बोलते. पुस्तकासारखा बोलायला पुस्तक हाय ना."

परिषदांविषयी त्यांचा तिरस्कार सर्वांगीण होता, आणि आमच्या खात्यात सर्वांगीण असलेली तेवढी एकच गोष्ट मी पाहिली. दर महिन्याला केंद्राची शिक्षण परिषद, मधूनच तालुक्याची कार्यशाळा, वर्षाकाठी जिल्ह्याचं काहीतरी. सगळीकडे क्रम तोच. आधी दीपप्रज्वलन, त्यात वात पेटत नाही. मग स्वागत, मग ज्यांनी स्वागत केलं त्यांचं स्वागत. मग मरगळ घालवायला 'पावसाची टाळी': एका बोटाने, दोन बोटांनी, करत करत मुसळधार. संसार केलेली, नातवंडं झालेली माणसं टाळ्या वाजवून पाऊस पाडतात आणि पाडला की स्वतःवर खूश होतात. मग गटकार्य. चार्टपेपर येतो, ज्याचं अक्षर बरं तो लिहितो, बाकीचे बदल्यांवर बोलतात. शेवटी फोटो. फोटो वर गेला की शिक्षण झालं. मी हे सगळं तिखट लिहितोय असं वाटत असेल तर कुणीही एकदा येऊन बसून बघावं, माझी खुर्ची देतो.

पण एक गोष्ट मला आधी समजेना. एवढ्या शिव्या घालणारी ही बाई एकही परिषद चुकवत नसे. ताप असला तरी जायची. दुसरे मास्तर सही करून बाजार करायला सटकत, ही शेवटपर्यंत बसायची. मी एकदा विचारलं, "बाई, तुम्हाला यातलं काहीच पटत नाही, मग येता कशाला?"

"शिकायला," बाई म्हणाल्या.

मला वाटलं टोमणा आहे. दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो तेव्हा कळलं, टोमणा नव्हता.

बाई एकट्या होत्या तेव्हा त्या परिषदेला गेल्या की शाळेला कुलूप लागायचं. पोरं दारापर्यंत यायची आणि परत जायची. एकदा एका पोरीने दुसऱ्या दिवशी दारातच अडवून विचारलं होतं, "बाई, शाळा बंद करून गेलीस, तर शिकलीस काय ता तरी सांग." बाईंना तो हिशेब रास्त वाटला. तेव्हापासून वाडीच्या शाळेत पद्धत पडली. परिषदेच्या दुसऱ्या दिवशी बाई खाली सतरंजीवर बसणार, पोरं समोर उभी राहणार आणि विचारणार, "बाई, काल काय शिकलीस?" उत्तर पोरांना पटलं तर ठीक. नाही पटलं तर खिचडीसाठी लागणारं पाणी त्या दिवशी बाईंनी पंपावरून आणायचं. मी आल्यावर हा नियम मलाही लागू झाला, आणि पहिले काही महिने माझे खांदे चांगलेच भरून आले.

कारण मी उत्तरं द्यायचो ती परिषदेतली. 'कृतियुक्त अध्ययन' म्हणालो की पोरं कळशीकडे बोट दाखवायची. बाईंची उत्तरं वेगळी असत. "काल मला कळला, मागं बसलेल्याला फळा दिसत नाय. पुढच्याची डोकी दिसतात." त्या दिवशी पोरांनी आणि बाईंनी मिळून सतरंज्या उचलल्या आणि गोल मांडल्या. त्या पुन्हा रांगेत कधी आल्या नाहीत. "काल कळला, जेवल्यावर कोन बोलला का झोप येते, माणूस कितीबी शहाणा असू दे." तेव्हापासून खिचडीनंतरचं गणित बाहेर, चिंचोके घेऊन आणि पावलं मोजत. "काल साहेब मला 'ओ निळी साडी' बोलला. नाव माहीत नसल तर इचारावा ना. मला वाईट वाटला." त्या दिवशी आम्ही दोघांनी पहिलीतल्या पोरांना घरात कोणत्या नावाने हाक मारतात ते विचारलं. हजेरीवर वेगळीच नावं होती, म्हणून निम्मी पोरं 'हजर' म्हणत नव्हती. बाहेर जाताना न विचारण्याचा नियमही असाच कुठल्यातरी रटाळ दुपारी जन्मला होता.

म्हणजे आमची शाळा वाईट परिषदांवर उभी होती. जितका बोलणारा रद्दी, तितका आमचा फायदा. एका चांगल्या व्याख्यात्याचं भाषण ऐकून बाई हिरमुसल्या होत्या. "ऐकत बसले निसती. काय हाताला लागला नाय," म्हणाल्या.

मला त्या एकदा चालताना म्हणाल्या होत्या, "मास्तर, आपन रोज उभे असतो ना, म्हणून आपल्याला बसलेल्याचा विसर पडतो. परिषद म्हंजी सरकारी खर्चानं बसायला मिळतंय. बसून घ्यावा." शिक्षकांनी परिषदांमधून काय शिकावं यावर याहून शहाणं वाक्य मी कुठल्याही व्यासपीठावरून ऐकलेलं नाही. ऐकायची आशाही नाही.

मग कमी पटाच्या शाळा मोठ्या शाळेत मिसळायची बातमी आली. आमच्या वाडीचं नाव यादीत जाणार असं तालुक्यात बोललं जाऊ लागलं. फाट्यावरच्या मोठ्या शाळेत पोरांना पाठवायचं, गाडीची सोय होईल, असं वर कुणीतरी नकाशावर बोट ठेवून ठरवलं होतं. नकाशात ओढा नसावा. वाडीतल्या बाया शाळेत येऊन बसल्या. एकीने सरळ सांगितलं, "पोरगे जातील. पोरी नाय धाडायच्या आमी एवढ्या लांब." तेव्हा शाळेत पोरीच जास्त होत्या. बाई त्या दिवशी खिचडी न जेवताच घरी गेल्या.

एका विस्तार अधिकाऱ्याने मार्ग सुचवला. शेजारच्या तालुक्यात, मुरबाडला, त्यांची आणि आमची मिळून मोठी परिषद होती आणि तालुक्याचे साहेब, ज्यांच्या शब्दाने यादीतलं नाव राहणार वा निघणार, ते पूर्ण वेळ बसणार होते. तिथे बाईंनी उपक्रम सादर करावा. शेवटी शाळेचं नाव घेऊन सगळ्यांसमोर विनंती करावी. नावाजलेल्या शाळेला कुणी हात लावत नाही.

बाई तयार झाल्या, पण एसटीत माझ्याकडून वचन घेतलं. "ह्या माईकनं भल्याभल्यांची वाट लावलीय. मी भरकटले, आन लोकं कंटाळली दिसली, तर तू मागं बसून करंगळी वर कर." मी हसत हो म्हणालो. बाई कंटाळा आणतील हे मला शक्यच वाटत नव्हतं.

परिषद एका मंगल कार्यालयात होती. आदल्या दिवशीचं लग्न अजून भिंतीवरून उतरलं नव्हतं. 'शुभविवाह' या अक्षरांवर परिषदेचा फ्लेक्स अर्धा चढवला होता आणि प्रमुख पाहुणे नवरानवरीच्या लाल सोफ्यावर बसले होते. दीप पेटला नाही. पाऊस पाडला गेला. जेवणं झाली, आणि नेमकं जेवणानंतर बाईंचं नाव पुकारलं.

सुरुवात झकास झाली. करंगळीची गोष्ट सांगितली, लोक हसले. सतरंज्यांची सांगितली, साहेबही हसले. मग बाईंना ते हसू गोड लागलं. त्यांनी आणखी एक किस्सा सांगितला, मग दुसरा, मग आपल्या एकटीच्या नोकरीच्या वर्षांचा, मग पूर आला तेव्हाचा. आवाज चढला. वाक्यं लांबली. मला ऐकू आलं की 'नाय'चं 'नाही' झालंय. 'पोरं' जाऊन 'विद्यार्थी' आले. मागच्या रांगांत मोबाइल निघाले. कुणी जांभई दिली, तिची लागण पुढे सरकत गेली. साहेब सोफ्यावर मान टेकून बसले होते आणि त्यांचे डोळे मिटत होते. शाळेचा मुद्दा अजून आलाच नव्हता.

करंगळी वर केली तर बाई थांबणार, हे मला ठाऊक होतं, आणि थांबल्या तर विनंती राहणार. नाही केली तर विनंती होईल, पण ती झोपलेल्या माणसाला. वाडीतल्या बाया माझ्या डोळ्यांसमोर होत्या. आणि समोर स्टेजवर जी बोलत होती ती भेरे बाई नव्हती. मी करंगळी वर केली.

बाईंना ती लगेच दिसली. वाक्य अर्धं होतं. त्या तिथेच थांबल्या, माईककडे एकदा पाहिलं, म्हणाल्या, "जा रे बाबा," आणि खाली उतरल्या. आभारसुद्धा मानले नाहीत. सूत्रसंचालक गडबडला. शांततेने साहेबांना जाग आली. बाईंच्या हातात तुळशीचं रोप देऊन फोटो काढला गेला.

परतीच्या एसटीत मी रडकुंडीला आलो होतो. "बाई, मुद्दा राहिला. माझ्यामुळे राहिला."

बाई रोपाची पिशवी मांडीवर धरून खिडकीबाहेर बघत होत्या. "तू केलास ता बराबर केलास," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मी त्यांना हसत होते एवढी वर्सं. मला निसता माईक मिळाला नव्हता."

दुसऱ्या दिवशी त्या सतरंजीवर बसल्या. पोरांनी विचारलं. बाई म्हणाल्या, "काल कळला, आपली गोष्ट आपल्याला गोड लागाया लागली का समोरचा माणूस दिसायचा बंद होतो." पोरांनी आपसात विचार केला. एक पोरगी म्हणाली, "ह्यो पटला." तरीही बाई उठल्या, कळशी उचलली आणि पाणी त्यांनीच आणलं. त्या दिवसापासून वर्गात कुणीही, कधीही करंगळी दाखवून बाईंना थांबवू शकत होतं.

आम्ही आदेशाची वाट बघत होतो. आदेशाऐवजी एके दुपारी साहेबच आले. गाडी ओढ्याच्या अलीकडे, फाट्याजवळच सोडावी लागली होती. दीड कोस उन्हातून चालून आलेला तो गोरा, जाडजूड माणूस दारात धापा टाकत उभा राहिला. मागे ड्रायव्हर पाण्याची बाटली घेऊन. साहेब सतरंजीवर बसले तोच तिसरीतली सोनी उभी राहिली. खाली बसलेल्या मोठ्या माणसाला विचारायचं, एवढंच तिला माहीत. "साहेब, तू परिषदेत काय शिकलास?"

मी डोळे मिटून घेतले. साहेबांनी घसा साफ केला. 'गुणवत्तापूर्ण' निघालं, 'आनंददायी' निघालं. सोनीने विचारलं, "म्हंजी काय?" साहेब थांबले. भेरे बाईंकडे बघितलं, तिथून काही मदत मिळाली नाही. मग म्हणाले, "काही नाही शिकलो गं."

पोरांनी एका सुरात कळशी दाखवली. ड्रायव्हर पुढे झाला, तर सोनी म्हणाली, "तू नाय. तो." आणि साहेबांनी पाणी आणलं. निम्मं पँटवर सांडलं. जाताना त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "त्या दिवशी बाई मधेच का थांबल्या?" मी करंगळीचं सांगितलं. ते ओढ्याच्या दिशेने चालू लागले.

यादीत आमच्या शाळेचं नाव आलं नाही. मी हुरळलो. कळशीने शाळा वाचवली, असं म्हणालो. बाईंनी तिथल्या तिथे हवा काढली. "कळशीनं कसली? चालला ना तो दीड कोस, त्याचे पाय दुखले. आता त्याला कळला, सोनीला केवढा चालावा लागल ता." आणि मग, जरा नाइलाजाने, "आला पन तो. बाकीचे येत नाय."

पुढच्या वर्षी बाई निवृत्त झाल्या. शहापुरात निरोप समारंभ होता. नको नको म्हणत असताना त्यांना स्टेजवर मधोमध बसवलं, शाल घातली, आणि भाषणं सुरू झाली. ज्यांनी त्यांची आयुष्यभर कुचेष्टा केली ते त्यांना ज्ञानाचा वटवृक्ष म्हणत होते. बाई चपला काढून बसल्या होत्या. शेवटी साहेब उठले. चांगलं बोलत होते, मनापासून. पण लांबत चाललं होतं. आणि मला दिसलं, शालीतून हळूच एक करंगळी वर आली.

साहेबांनी ती पाहिली. वाक्य अर्धं होतं. ते तिथेच थांबले, मान लववली आणि जाऊन बसले. हॉलला काही कळेना. मला कळलं. बाई उठल्या, चपला घातल्या, सगळ्यांना हात जोडले आणि बाजूच्या दाराने बाहेर गेल्या. आम्ही वाट बघत राहिलो. त्या परत आल्याच नाहीत. फुलांचा हार खुर्चीवर होता, शाल घेऊन गेल्या होत्या.

मी बाहेर येऊन फोन लावला. पलीकडून रिक्षाचा आवाज येत होता. "बाई, साहेब थांबले बघा तुमच्यासाठी."

"बघितला ना. शिकला तो. सांग त्याला," बाई ओरडून म्हणाल्या. "पन मला खरंच लागली होती रे. बाहेर आले तर सापगावची रिक्षा उभी, एक सीट कमी. परत कोन येतो?"

दुसऱ्या दिवशी फाट्यापासून मी एकटाच चालत गेलो. ओढ्यातल्या दगडावर पाय जपून टाकला. शाळेत सतरंजी घालून ठेवली होती. मी बसलो. सोनीने विचारलं, "सर, काल काय शिकलास?"

सांगण्यासारखं खूप होतं. पण तोंड उघडलं असतं तर पोरांसमोर रडू फुटलं असतं. "काय नाय," मी म्हणालो, कळशी उचलली आणि पंपावर गेलो. कळशी भरायला त्या दिवशी मी फार वेळ लावला, आणि पोरांपैकी कुणीही हाक मारली नाही.